तेल कुणी घालायचं

"तेल घातलंत?"

"नाय."

"पेट्रोलात नाही घातलं?"

"नाय म्हणान सांगलंय मां."

मी प्लग काढला आणि भिकादादांच्या नाकासमोर धरला. काळा, ओला, डांबरात बुडवून काढल्यासारखा. त्या महिन्यातली ही तिसरी खेप. चाळीस हॉर्सपॉवरचं ते इंजिन हातगाडीवर घालून भिकादादा माझ्या शेडमध्ये आणायचे, मी प्लग साफ करून द्यायचो आणि दहा दिवसांत पुन्हा तेच. आधी धूर, मग धडधड, मग भर खाडीत बंद.

"मग हे काय आहे? काकवी?"

भिकादादांनी प्लगकडे पाहिलं, मग शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. "वायच घातलंय," ते म्हणाले. "अगदी वायच."

"अहो, पण कशाला? तेलाची टाकी वेगळी आहे ना या इंजिनाला?"

"तेलाशिवाय मशीन चलता काय?"

हे मी त्यांना किमान पाच वेळा समजावलं होतं. सहाव्यांदा समजावलं.

"हे बघा. टू-स्ट्रोकच्या पोटात तेलाचा साठा नसतो. तेल पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि जळून धुरावाटे बाहेर जातं. तुमच्या वडिलांच्या जुन्या इंजिनात तुम्ही ते हातानं मिसळत होतात. बरोबर? या इंजिनात पंप आहे. तो टाकीतून तेल ओढतो आणि लागेल तेवढंच आत सोडतो. इंजिन हळू असलं तर कमी, जोरात असलं तर जास्त. तुम्ही वरून पुन्हा पेट्रोलात ओतलंत, की तेल दुप्पट. मग धूर होणार नाही तर काय होणार?"

"पंप घालता, ह्या दिसता खय?"

"दिसत नाही. आत आहे."

"मगे?" भिकादादा म्हणाले, जणू वाद जिंकला होता.

मी मूळचा गडहिंग्लजचा. आयटीआय केलं, बोटींच्या इंजिनांच्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढली आणि लग्नानंतर बायकोच्या गावी, खाजणवाडीला, जेटीला लागून शेड टाकली. गाव मला मेस्त्री म्हणायचं. ही इंजिनाची गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि आपल्याला इंजिनातलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

भिकाजी मेतर आणि आत्माराम मेतर हे सख्खे भाऊ. दोघांची मिळून एक फायबरची होडी, माणसं खाडीपार सोडायची. वडिलांनी जाताना ती दोघांच्या नावावर केली आणि वर्षभरात दोघांचं बोलणं बंद झालं. कारण विचारलं तर भिकादादा एक सांगायचे, आतू दुसरंच सांगायचा. होडी विकायला कुणीच तयार नाही, म्हणून दिवस वाटून घेतले होते. एक दिवस थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. पेट्रोलचे कॅनसुद्धा वेगळे, भिकादादांचा निळा, आतूचा लाल. सामाईक काय ते होडी, इंजिन आणि मी.

त्या दिवशी भिकादादा गेल्यावर मी आतूच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता.

"आतू, तू पेट्रोलात तेल घालतोस?"

"घालतंय."

"का?"

"तेणा टाकयेत घातल्यान की नाय, माका काय म्हायत?"

"टाकी बघ ना! बाहेरून दिसतं किती आहे ते!"

"दिसता. पण ता तेल कालचा की परवाचा, ह्या दिसता?"

म्हणजे एक पंप तेल घालत होता, थोरला घालत होता, धाकटा घालत होता. त्या इंजिनाच्या जागी मी असतो तर मीही बंद पडलो असतो. मी आतूवर इतका ओरडलो की त्याची बायको बाहेर आली. "यापुढे पेट्रोलात एक थेंब जरी तेल घातलंस ना, तर माझ्या शेडची पायरी चढायची नाही! फक्त टाकी भरायची. बाकी पंप बघेल." हीच दमदाटी मी संध्याकाळी भिकादादांनाही केली. दोघांनी शब्द दिला. आणि खरंच, पुढचे दोन महिने इंजिन शहाण्यासारखं चाललं.

इंजिन चाललं, पण माझी सुटका नव्हती. दोघांनाही एकमेकांशी काही बोलायचं झालं की ते माझ्याकडे यायचे. मी कार्बोरेटर उघडून बसलेला असायचो आणि भिकादादा दारात.

"सांग तेका, नांगराचो दोर कुजलो. बदलूक होयो."

मी हात पुसून आतूकडे जायचो. आतू म्हणायचा, "सांग तेका, माका डोळे आसत."

मी परत यायचो. "त्याला डोळे आहेत म्हणतो."

"मगे सांग तेका, डोळे आसत तर बघ."

दोघांची घरं एकमेकांपासून वीस पावलांवर, मध्ये एक कुंपण. माझी शेड दोघांपासून अर्धा किलोमीटर. दरवेळी मी म्हणायचो की ही शेवटची वेळ, यापुढे मी निरोप पोचवणार नाही. माझी बायको हसायची. "तुम्ही जाणारच," म्हणायची. आणि मी जायचोच. कुजक्या दोराचाही निरोप मी तीनदा पोचवला. आतूनं कुजकं टोक कापून टाकलं आणि उरलेला दोर वापरायला लागला. आधीच आखूड, तो आणखी आखूड झाला.

मार्चच्या शेवटी, भिकादादांच्या दिवशी, इंजिन नेहमीच्या तपासणीला आलं. उघडून पाहिलं तर तेलाच्या पंपाचं गिअर झिजून गुळगुळीत झालेलं. अजून चाललं असतं, पण किती दिवस ते सांगता येत नव्हतं, आणि तो ज्या क्षणी थांबला असता त्या क्षणी इंजिन कोरडं पडलं असतं. नवा पंप यायला तीन आठवडे. सुट्ट्यांचे दिवस तोंडावर, होडी बंद ठेवणं दोघांनाही परवडणारं नव्हतं.

यावर जुना उपाय होता. मी पंप काढला, त्याच्या जागेचं तोंड बंद केलं, तेल कमी झाल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याची वायर सोडवली. तेलाची टाकी मात्र जागेवर राहू दिली. पंप आला की पुन्हा जोडायचीच होती.

"भिकादादा, नीट ऐका. आता पंप नाही. आता पेट्रोलात तेल मिसळायचं. पन्नास लिटरला एक लिटर. मोजून. टाकीतल्या तेलाचा आता काही उपयोग नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "दोन म्हयन्यांआधी तू माज्यार बोंबललंस. घालू नको म्हणान."

"तेव्हा पंप होता!"

"आणि आता घाल म्हणतंस."

"आता पंप नाही म्हणून!"

"मगे मी आदीपासून काय सांगी होतंय?"

मी रागानं पाना फळीवर आपटला. सकाळपासून चौथं इंजिन, उन्हानं पत्रा तापलेला, आणि हे गृहस्थ विजयी मुद्रेनं मिशीवरून बोट फिरवत उभे.

"ते राहू दे. आतूला सांगा. उद्या त्याचा दिवस आहे."

"तू सांग."

"नाही."

"नाय?"

"नाही, भिकादादा. सात वर्षं झाली. मी तुमचा पोस्टमन नाही. वीस पावलं चाला आणि सख्ख्या भावाला सांगा, तेल मिसळ म्हणून. दोन शब्द. मी सांगणार नाही. कळलं?"

"बरा," ते म्हणाले आणि गाडी ढकलत निघून गेले.

मला फार बरं वाटलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलंसुद्धा, की आज मी त्यांना साफ नाही म्हणालो. तिनं विचारलं, "निरोप काय होता?" मी म्हणालो, "कसलातरी."

दुसऱ्या दिवशी बुधवार, पलीकडच्या तीरावर बाजाराचा दिवस. आतूची पहिली फेरी सकाळी साडेसातला गेली आणि आली. दुसऱ्या फेरीला तेरा माणसं होती. त्यांत भिकादादांची बायको इंदूवहिनी होती. बायकांचं बोलणं कधी बंद नव्हतं, ती दिराच्या होडीतून सर्रास जायची. एक तरुण बाई दीड वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी निघाली होती. बाकी टोपल्या, पिशव्या, कोंबड्या.

मी शेडच्या दारात चहा पीत होतो. ओहोटी जोरात लागली होती, पाणी खाडीतून समुद्राकडे धावत होतं. होडी मध्यावर गेली आणि इंजिनाचा आवाज बदलला. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. आवाज बारीक झाला, चिरका झाला, सुकलेल्या विहिरीचा रहाट ओढल्यासारखा. मी कप खाली ठेवला. मग एकच कडक आवाज आला, आणि शांत.

इंजिन बंद पडतं तेव्हा ते गुरगुरत, अडखळत बंद पडतं. असं एका झटक्यात थांबतं ते पिस्टन सिलिंडरला चिकटल्यावर, तेल नसल्यावर. मला जागेवरच कळलं. लाल कॅन. कोरडं पेट्रोल.

होडी आडवी झाली आणि ओहोटीबरोबर खाली जायला लागली. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, ओहोटीच्या वेळी तिथे समुद्राच्या लाटा उभ्या राहून फुटतात. होडी तिथवर जायला वीस मिनिटं पुरेशी होती. आतूनं नांगर टाकलेला दिसला. पण दोर आखूड. नांगर तळाला नीट आडवा पडेना, वाळूतून नुसता घसरत होता. बायकांचा आरडाओरडा किनाऱ्यापर्यंत ऐकू यायला लागला.

भिकादादा जेटीच्या कडेला जाळी उन्हात घालत होते. मी धावत त्यांच्याकडे गेलो, पण ते माझ्याआधी हलले होते. जाळ्याचा लांब दोर, मोठा नांगर, दोन्ही त्यांनी छोट्या वल्ह्याच्या होडीत टाकले. मी दुसऱ्या वल्ह्यावर बसलो. जेटीवर तेव्हा इंजिनाची दुसरी होडी नव्हती, आणि पलीकडची मोठी बोट ओहोटीत गाळात बसलेली.

ओहोटी आम्हालाही खाली ओढत होती, शिवाय आम्ही जिवाच्या आकांतानं वल्ही मारत होतो. काही वेळानं मी विचारलं, "आतूला सांगितलं होतंत ना?"

त्यांनी वल्हं आणखी जोरात ओढलं.

"भिकादादा, पेट्रोलात तेल घालायचं हे त्याला कळलं होतं का?"

"माका वाटला तू सांगतलंस."

"मी? मी तुमच्या तोंडावर म्हणालो होतो, की मी सांगणार नाही!"

"तसा तू दर खेपेक म्हणतंस," भिकादादा म्हणाले. त्यांची नजर होडीवर होती. "आणि मगे सांगतंस."

माझं वल्हं पाण्याला लागलंच नाही, हवेत फिरलं.

आम्ही पोचलो तेव्हा होडी फुटणाऱ्या लाटांपासून शंभरेक हातांवर होती. दोन लाटा आत येऊन गेल्या होत्या, पाणी घोट्यापर्यंत. इंदूवहिनी टोपलीतली भांडी काढून पाणी उपसत होती. त्या तरुण बाईनं मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की पोरीला रडताही येत नव्हतं. लाइफ जॅकेटं आठ, माणसं आतूसकट चौदा. आतूच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानं स्वतःचं जॅकेट त्या मुलीभोवती गुंडाळलं होतं.

भिकादादा हलत्या होडीत उभे राहिले. हातात दोराचं वेटोळं.

"आतू! फुडे ये! दोर धर!"

आतूनं वर पाहिलं. आणि तो माझ्याकडे बघायला लागला. सात वर्षांच्या सवयीनं तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू मी तेच पुन्हा बोलल्याशिवाय त्याला ते ऐकू येणार नव्हतं.

"धर म्हणतंय मां!" भिकादादा किंचाळले आणि त्यांनी दोर फेकला.

पहिला पाण्यात पडला. दुसरा आतूनं झेलला. त्यानं तो होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला बांधला, भिकादादांनी मोठा नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकला आणि दोर सोडत गेले, सोडत गेले. होडी आणखी तीस हात खाली गेली. मग दोर ताठ झाला, त्यातून पाणी पिळल्यासारखं उडालं, आणि होडीचं नाक प्रवाहाकडे वळून ती थांबली. आम्ही आमची होडी तिच्या कडेला बांधली आणि मुलीला आणि तिच्या आईला आधी आमच्यात घेतलं.

पलीकडच्या लोकांना मोठी बोट गाळातून ढकलत काढून आणायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे तिथेच, फुटणाऱ्या लाटांकडे पाठ करून बसलो होतो. पाणी उपसून संपल्यावर आतू इंजिनाजवळ गेला. त्यानं वरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली.

"मेस्त्री, ह्या बघ." "टाकी भरलेली आसा. सकाळीच माज्या हातान भरलंय. पेट्रोलात एक थेंब घालूक नाय. तू सांगलंस तसाच केलंय. मगे कसा झाला?"

सगळी होडी माझ्याकडे बघत होती. पंप ऐनवेळी गेला, असं मी म्हणू शकलो असतो. यंत्र आहे, जातं कधीकधी. कुणाला काही कळलं नसतं. भिकादादा कळूनही बोलले नसते, त्यांचंही त्यात झाकलं गेलं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याच वेळी आमच्या होडीत ती पोर शेवटी मोठ्यानं रडायला लागली.

"आतू, पंप नाहीये," मी म्हणालो. "काल मी काढला. कालपासून पेट्रोलात मिसळायचं होतं. मी तुझ्या भावाला सांगितलं. तुला नाही सांगितलं."

आतूला ते समजायला वेळ लागला. तो टाकीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवली आणि सरळ भिकादादांना विचारलं, "तुका म्हायत होता?"

"होता."

"काल?"

"काल."

"मगे माका सांगूक तोंड नाय होता तुका?"

उत्तर इंदूवहिनीनं दिलं. हातातलं भांडं तिनं होडीत आदळलं. "सात वर्सा दोघव ह्या मेस्त्र्याच्या तोंडान बोलतंत! आज आमका सगळ्यांका बुडवलं असतंत! आणि तू रे मेस्त्री, तुज्या जिभेक काल काय झाला होता?"

मी म्हणालो, "चुकलं माझं, वहिनी."

हे म्हणायला नको होतं, कारण त्यानंतर भिकादादांना वाचा फुटली.

"मी तरी काय म्हणतंय?" ते म्हणाले. माझ्याशी नाही. आतूशी. "पंप काढलो कोणी? हेणा. मगे सांगूक कोणी होया?"

"हेणाच," आतू म्हणाला.

"मेस्त्री कोण? मी, काय हो मनीस?"

"होच मनीस."

"आणि टाकी थयच ठेवल्यान. रिकामी तरी करूची!"

"भोंगोव काढून ठेवल्यान," आतू म्हणाला. त्याला आता वायरचं सुटलेलं टोक दिसलं होतं. "बघ ह्या, बघ!"

भिकादादा एका होडीतून दुसऱ्या होडीत गेले आणि दोघं भाऊ इंजिनावर वाकले. माझी एकेक चूक बोटानं दाखवत राहिले. प्रत्येक चूक खरी होती. मोठी बोट येऊन आम्हाला ओढत नेईपर्यंत ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेडवर आले. इंजिन आदल्या संध्याकाळीच मी उघडलं होतं. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, सिलिंडर सोलपटलेला. मी म्हणालो, "मी करून देतो. माझ्यामुळे झालंय, मीच भरून देईन."

"नको," भिकादादा म्हणाले. "तालुक्याक दुसरो मेस्त्री आसा. तेच्याकडे नेतंव."

मी वाद घातला नाही. ते कधीच परत आले नाहीत, ना ते इंजिन घेऊन, ना त्यानंतरचं. पण त्या दिवसापासून कुठल्याही इंजिनात काही बदललं, की मी आधी ती होडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जातो आणि मग जेवायला बसतो. बायको आता हसत नाही.

त्या सकाळी दोघांनी बरोबर एक बांबू आणला होता. इंजिन बांबूला बांधून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत न्यायचं होतं. भिकादादा खाली वाकले, इंजिनाला हात घातला आणि मान वर न करता म्हणाले, "दोरी खय आसा विचार."

मी लगेच आतूकडे वळलो. तोंड उघडलंसुद्धा.

"तुज्याच खांद्यार आसा," आतू त्याला म्हणाला. "बांध आता."